टाकीमागचा निवडुंग

ओसरी : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

*ताई, सप्रेम नमस्कार.*

*मी सांगलीत गावभागात राहते. वय एकसष्ट. यजमानांना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांना निवडुंगांचा नाद होता. गुलाब नाही, मोगरा नाही, निवडुंग! परसात चौदा होते, काही कुंड्यांत, काही डब्यांत. २०१९ च्या पुरात पाणी वाढायला लागलं तेव्हा ह्यांनी आधी ते चौदा निवडुंग एकेक करून गच्चीवर नेले. मी म्हणत होते, लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा रिकामा करू या. त्यात आमच्या लग्नाचा अल्बम होता, आईनं विणलेली शाल होती. ‘२००५ ला तरी पाणी तिथवर आलं होतं का?’ असं म्हणून ह्यांनी मला गप्प केलं. पाणी कप्प्याच्याही वर गेलं. अल्बमचा लगदा झाला. पूर ओसरला, पण निवडुंग काही खाली आले नाहीत. माझी वाळवणाची गच्ची त्यांनी अडवली ती अडवलीच. त्यावरून आमची रोज वादावादी.*

*ते गेले. दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवेना. दीड तास झाला. सगळे म्हणाले, झाडांत जीव अडकलाय, तुम्ही बोला. मी हात जोडून म्हटलं, ‘तुमची झाडं मी सांभाळीन.’ मग शिवला. आणि सहा महिन्यांत मी ती झाडं वाटून टाकली. तेरा दिली. चौदावा टाकीमागं होता, तो दिसला नाही. खरं सांगायचं तर दिसला, पण उचलायचा कंटाळा केला. तिकडं कुणी जातही नाही, शेवाळ आहे, पाय घसरतो. हे होते तेव्हा टाकी कधी वाहिली नाही. आता मोटार बंद करायची माझ्या ध्यानात राहत नाही.*

*हे त्याला रोज सकाळी तांब्याभर पाणी घालायचे, तरी त्यांच्या हयातीत त्याला एक फूल आलं नाही. मी तीन वर्षांत थेंबभर घातलं नाही. या थंडीत चार महिने पुण्याला मुलाकडे होते. फेब्रुवारीअखेर परत आले तर तो सुरकुतून शिळ्या वांग्यासारखा झालेला. म्हटलं, मेला. परवा सकाळी कुरडया घालायला वर गेले आणि पाहते तर फूल! वीतभर लांब दांडा आणि त्यावर हे एवढं फिकट गुलाबी. आधी हरखले. मग इतका राग आला म्हणता! कशाचा ते कळेना. दुपारी त्यानं मान टाकली. सुनेनं फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, तर सगळ्यांचं सुरू : ‘दादांचा आशीर्वाद’, ‘दादांनी वहिनींना माफ केलं’. माफ! वन्सं म्हणतात, भावाची आठवण म्हणून तो मला द्या. ह्याच वन्सं वीस वर्षं म्हणत होत्या, काटेरी झाड दारात नको, घरात भांडणं होतात.*

*पाणी न घालता फूल आलं कसं? आणि आनंद व्हायच्या जागी मला राग का आला? माझंच काही चुकतंय का?*

*— गावभागातली एक*

ताई,

(तिकडे सगळे तुम्हाला वहिनी म्हणतात. मी ताईच म्हणते.)

पत्रांना मी रांगेनं उत्तर देते. तुमच्या पुढं अकरा पत्रं होती, त्यातली दोन तर जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणांविषयी, फार कळवळून लिहिलेली. तरी तुमचं मध्येच घेतलं. घाईचं कारण आहे, ते शेवटी सांगते.

आधी सोपा प्रश्न.

सुनेनं काढलेला फोटो मी मोठा करून पाहिला. उभे कंगोरे असलेला गोळा, बुडाशी चिकटलेली पाच-सहा पिल्लं, आणि फूल शेंड्यावर नाही तर कुशीतून निघालेलं. हा इकायनॉप्सिस. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, ब्राझीलचा दक्षिण भाग, उरुग्वे, अर्जेंटिना ह्या बाजूचा. नर्सरीत ‘बॉल कॅक्टस’ म्हणून मागितलात तर मिळेल, अर्थात त्याच नावाखाली तिथं आणखी पाच प्रकारचे गोळे विकतात. आपल्या बोलीत निवडुंग हा शब्दच मुळी सैल आहे. बांधावरचा शेर, साबर, त्रिधारी, सगळ्यांना आपण निवडुंगच म्हणतो. ती झाडं एरंडाच्या कुळातली. मोडली की दुधासारखा चीक गळतो आणि तो डोळ्यात गेला तर काय होतं ते खेड्यात वाढलेल्या कुणालाही विचारा. खऱ्या निवडुंगाचे काटे एका बारीकशा मऊ उशीतून निघतात, ही त्याची ओळख. आणि खरे निवडुंग जवळजवळ सगळे अमेरिका खंडातले. ज्याच्याशिवाय जत-आटपाडीचा माळ डोळ्यासमोर येत नाही तो फड्या निवडुंगसुद्धा बाहेरून आलेला. तीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. हे वाक्य आलं की वर्गातली माणदेशी पोरं दरवर्षी हिरमुसायची.

असो. ‘थेंबभर पाणी घातलं नाही’ असं तुम्ही लिहिता. ताई, ते खरं नाही. तुम्ही त्याला चांगलं भरपूर पाणी घातलंय, फक्त तुम्हाला माहीत नाही. टाकीमागं शेवाळ धरलंय, हे तुम्हीच लिहिलंत. कोरड्या जागी शेवाळ धरत नाही. मोटार चालू राहते, टाकी भरते, वाहते, आणि ते पाणी गच्चीच्या उतारानं तुमच्या अर्ध्या कापलेल्या डब्याशी जातं. डब्याचं बूड गंजून फाटलेलं असणार, फोटोत कडेला तांबूस ओघळ दिसतोय. म्हणजे पाणी आत शिरतं आणि खालून निघूनही जातं. निवडुंगाला ह्याहून चांगली कुंडी मी विकत आणूनही दिली नसती.

मग तुम्ही नोव्हेंबरात घराला कुलूप लावून पुण्याला गेलात. मोटार बंद. चार महिने पाणी नाही, वरून सांगलीची पहाटेची थंडी आणि दिवसभर गच्चीवरचं स्वच्छ ऊन. ह्या जातीला नेमकं हेच लागतं. हिवाळ्यात ती थांबते, वाढत नाही. अंगातलं पाणी वापरत बसून राहते, म्हणून सुरकुतते. ते कंगोरे असतात ना, ते पेटीच्या भात्यासारखे असतात. पाणी मिळालं की फुगतात, सरलं की मिटतात. तुम्हाला ते शिळं वांगं दिसलं. ते मेलेलं नव्हतं, विश्रांतीला बसलं होतं. फेब्रुवारीअखेर तुम्ही परत आलात, पुन्हा मोटार लावलीत, पुन्हा बंद करायला विसरलात. थंडी सरली, ऊन तापलं, मुळांशी पाणी आलं. त्यानं कळी धरली.

यजमानांचं काय चुकलं तेही ह्यातच आलं. रोज तांब्याभर पाणी, थंडीतही. झाडाला थांबायला मिळालंच नाही. पुराआधी तर ते गावभागातल्या परसात, चारी बाजूंनी भिंती, ऊन येऊन येऊन किती येणार? निवडुंगाचा व्यवहार इतर झाडांच्या उलटा असतो. बाकीची झाडं दिवसा श्वासरंध्रं उघडतात, हा रात्री उघडतो. उन्हात उघडली तर अंगातलं पाणी उडून जाईल. रात्री हवा आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवायची, दिवसा दारं लावून उन्हात तिचं अन्न करायचं. अशा काटकसरी प्राण्याला रोज सकाळी तांब्या! पण हे त्यांना सांगायला तुम्ही गेला असतात तर काय झालं असतं, ते मी सांगायची गरज नाही.

तेव्हा ग्रुपवर काय म्हणायचं ते म्हणू द्या, फूल मोटारीनं आणलं. कुणी विचारलंच तर सांगा. नाही विचारलं तर राहू द्या. एकेका घरात मोटारीपेक्षा दादांनी आणलेलं फूल बरं वाटतं, त्यात कुणाचं काही जात नाही. मी साताऱ्याची, भाद्रपदात कासच्या पठारावर गाड्यांची रांग लागते ती आम्ही दरवर्षी पाहतो. कातळावरच्या बोटभर मातीत लाखो फुलं येतात. त्यातलं एकही कुणाला उद्देशून आलेलं मी पाहिलेलं नाही.

आता रागाचं.

कशाचा राग ते कळेना, असं तुम्ही लिहिता. मला पत्र वाचून कळलं असं वाटतं. चुकत असेन तर सोडून द्या. एक शब्द तुम्ही पत्रात दोनदा लिहिलाय, दुसऱ्यांदा एकटाच, पुढं उद्गारचिन्ह मारून. ‘माफ!’ ताई, पेन कागदात रुतलंय तिथं. कुणी कुणाला माफ करायचं होतं? अल्बम तुमचा गेला, शाल तुमच्या आईची गेली, गच्ची तुमची अडली. खातं त्यांच्या नावावर बाकी होतं. ते गेले आणि एका फुलाच्या जोरावर घरच्यांनी हिशोबच उलटा मांडला : देणेकरी तुम्ही, आणि त्यांनी उदार होऊन सोडून दिलं. राग नाही येणार तर काय होणार!

२०१९ चा तो ऑगस्ट मीही थोडा पाहिला. पाणी ओसरल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी खणभागात मामेबहिणीकडे गाळ काढायला गेले होते. गल्लीभर गाद्यांचे ढीग, फुगून दारं न लागणारी कपाटं, आणि तो वास. तो वास नंतर महिनाभर माझ्या साडीला येत होता, निदान मला तरी येत होता. बहीण अंगणात दोरीवर फोटो वाळत घालत होती, चिमटे लावून, चड्ड्या-बनियन घालावेत तसे. रंग ओघळून एकमेकांत मिसळले होते. एक फोटो मला अजून दिसतो. नवरा-नवरी दोघांचे चेहरे पुसून गेलेले, मामांचा नुसता फेटा उरलेला, आणि मधला अंतरपाट तेवढा स्वच्छ, जसाच्या तसा. ती म्हणाली, “हा ठेवू का टाकू?” मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून अल्बमचा लगदा झाला म्हणजे काय झालं, ते मला विचारू नका, माहीत आहे.

यजमानांच्या बाजूनं एवढंच म्हणता येईल की ते एकटे चुकले नाहीत, निम्मी सांगली चुकली. २००५ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५३ फुटांच्या पुढं जाऊन थांबलं होतं. धोक्याची पातळी ४५. लोकांनी तीच रेघ मनात धरली. भिंतीवर खुणा होत्या, त्या खुणेच्या वर सामान ठेवलं की झालं. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं. पुराच्या भाषेत हे आकडे वाचताना काही वाटत नाही, पण त्या चार फुटांत सांगलीतले किती तरी माळे, देव्हारे आणि कपाटांचे कप्पे येतात. तुमचाही त्यातच आला. परसातल्या कुंड्या जुन्या रेघेच्या खाली होत्या, कप्पा रेघेच्या वर. माणसानं हिशोबानं केलं, हिशोब चुकला.

हे झालं त्यांच्या बाजूनं. आता तुमच्या बाजूनं. चौदा निवडुंग म्हणजे जिन्याच्या चौदा खेपा. पंधरावी खेप केली असती तर अल्बम वाचला असता. तुम्ही सांगत होतात आणि त्यांनी ऐकलं नाही. ह्याला दुसरं नाव नाही. आणि पत्रात कुठंही ‘चुकलं माझं’ असं ते म्हणाल्याचा उल्लेख नाही. म्हणाले असते तर तुम्ही लिहिलं असतंत. बायका एवढी गोष्ट विसरत नाहीत.

माझे वडील साताऱ्यात वारले तेव्हाची गोष्ट सांगते. तेराव्याला माणसं जमली होती. एक लांबची आत्या डोळ्याला पदर लावून म्हणाली, “काय शांत माणूस होता गं, देवमाणूस!” आई खाली मान घालून तांदूळ निवडत होती. सूप तसंच धरून ती हसायला लागली. “शांत? अगं, ह्या समोरच्या भिंतीवर ताट भिरकावलंय त्यांनी. आमटी अळणी झाली म्हणून. तो डाग होता, दोनदा रंग दिल्यावर गेला.” आत्या अवघडली. आम्ही भावंडं एकमेकांकडे बघत बसलो. आणि आई हसता हसता रडायला लागली, त्या बारा दिवसांत पहिल्यांदा. तोवर तिला रडता येत नव्हतं. कारण सगळे ज्याच्यासाठी रडत होते तो देवमाणूस तिच्या ओळखीचाच नव्हता. तिचा नवरा ताट फेकणारा होता, आणि बाळंतपणात रात्रभर कंदील घेऊन बसणाराही होता.

तुमच्याकडे नेमकं हेच झालंय, फक्त तीन वर्षांनी. तुमच्या ओळखीच्या माणसाला ग्रुपवर कुणी ओळखत नाही. तो हट्टी होता, निवडुंगवेडा होता, तुमचं ऐकत नव्हता आणि टाकी एक थेंब वाहू देत नव्हता. त्याच्यावर राग येतो म्हणजे तो तुम्हाला अजून नीट आठवतो. हा दोष नव्हे, आणि ह्याबद्दल कुणाची माफी मागायची गरज नाही. गच्चीवर कुणी नसतं. अल्बमवरून जे बोलायचं राहिलंय ते तिथं मोठ्यानं बोलून टाका. शेजारणीनं ऐकलं तर म्हणा, कुरडयांवर कावळे बसत होते.

कावळ्यावरून आठवलं. दहाव्याचा तो शब्द तुम्हाला टोचतोय, हे तुम्ही प्रश्नात विचारलं नाहीत, पण पत्रात घातलंत. ज्यांची श्रद्धा आहे त्यांच्याशी मी वाद घालत नाही. आईच्या दहाव्याला मीही माहुलीच्या घाटावर हात जोडून उभी होते आणि काय काय कबूल केलं ते इथं लिहिणार नाही. पण एवढी वर्षं घाटावर उभं राहून एक गोष्ट पाहिली आहे : कावळा माणसांना भितो. माणसं पिंडाला वेढा घालून उभी राहतात तोवर तो झाडावर बसून बघत राहतो. बोलणारा बोलला की सगळे अदबीनं चार पावलं मागं सरतात. मग तो येतो. तुम्ही बोललात ते दीड तास उन्हात, तीस-चाळीस उपाशी माणसं तुमच्या तोंडाकडे बघत असताना. अशा वेळी माणूस घराची कागदपत्रंसुद्धा लिहून देईल. शिवाय ‘सांभाळीन’ म्हणजे एकसष्टाव्या वर्षी दोन जिने चढून चौदा काटेरी डबे फिरवीन, असा अर्थ कुणी लावत असेल तर त्यानं येऊन चार दिवस फिरवून दाखवावेत. ज्यांना हवी होती त्यांना तुम्ही झाडं दिलीत. आता ती तेरा कुठं कुठं आहेत, जगली की मेली, हे विचारत गल्लीभर फिरू नका. त्यात फायदा नाही.

वन्संना झाड द्यायचं का? नाही. पण नाही म्हणायचीही गरज नाही, कारण झाडानंच सोय करून ठेवली आहे. बुडाशी जी पिल्लं दिसतात त्यातलं लिंबाएवढं एक निवडा. जुन्या वर्तमानपत्राची चौपदरी पट्टी त्याच्याभोवती गुंडाळून धरा, हलकं पिळा, सुटतं. लगेच मातीत खोचू नका. आठवडाभर सावलीत कोरडं पडू द्या, तुटलेल्या जागेवर खपली धरली पाहिजे, नाहीतर कुजतं. मग निम्मी जाडसर वाळू, थोडा विटेचा चुरा, बाकी माती आणि मूठभर जुनं शेणखत, अशा मिश्रणावर नुसतं टेकवून ठेवा. पंधरवड्यानं मुळं धरतात. कोकोपीट हल्ली सगळे सगळ्यात घालतात, ह्याला घालू नका, ते पाणी धरून ठेवतं. हे पिल्लू वन्संना द्या. तेच झाड आहे, भाऊ म्हणून त्यांना जेवढं हवंय तेवढं त्यात पुरेपूर येईल. काटेरी झाड दारात ठेवलं की भांडणं होतात, ही आठवण करून द्यायची की नाही हे तुमच्यावर सोडते. मी दिली असती.

मूळ झाडाचं म्हणाल तर त्याच्यावर आता माया करू नका. गेल्या वर्षी एका बाईंनी फूल आलं म्हणून कौतुकानं झाड दिवाणखान्यात टीव्हीजवळ आणलं, रोज पाणी घातलं, नवी चिनी मातीची कुंडी दिली. महिन्यात बुडापासून कुजून बसलं. तुमचा डबा आहे तिथंच राहू द्या, फिरवूसुद्धा नका. उन्हाळ्यात टाकी वाहते तेवढं पाणी त्याला पुरे. पावसाळा लागला की मात्र त्याला टाकीपासून दूर, पत्र्याच्या वळचणीला न्या, कारण वरचा पाऊस आणि खालची टाकी असं दोन्ही सोसणार नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी अजिबात नाही. पुण्याला खुशाल जा. आणि जूनच्या आत शेवाळावर ब्लीचिंग पावडर टाकून खराटा मारून घ्या. फूल बघायला गेलात आणि खुबा मोडला तर ग्रुपवर त्याचाही अर्थ लावतील.

आता घाईचं कारण.

फोटोत सगळ्यांनी फूल पाहिलं. त्याच्या डाव्या बाजूला, तिसऱ्या कंगोऱ्यावर, काट्यांच्या उशीतून हरभऱ्याएवढं काहीतरी करडं, केसाळ वर आलंय. जळमट वाटतं. तुम्ही ते काडीनं काढून टाकाल अशी मला धास्ती आहे, कारण मीही एकदा काढलंय. पिठ्या ढेकूण पांढरा असतो, कापसासारखा, खोबणीत पसरलेला. हे करडं आहे आणि एकाच जागी आहे. ही दुसरी कळी.

दोन-तीन आठवडे ती जवळपास तेवढीच दिसेल. मग एकाएकी चार-पाच दिवसांत दांडा बोटभर, मग वीतभर होईल. टोक गुलाबी होऊन फुगलं की समजा, आज. पहिल्या फुलाला तुम्ही सकाळी पाहिलंत, म्हणजे ते निम्मं उरकलेलं होतं. हे फूल अंधार पडताना उघडतं, कारण ते रात्री उडणाऱ्या लांब सोंडेच्या पतंगांसाठी असतं, म्हणून रंग फिका आणि वास रात्रीचा. तासाभरात उघडतं, अगदी डोळ्यांदेखत. पाकळ्या हलताना दिसतात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खेळ संपतो. जवळपास दुसरं झाड नसेल तर फळबिळ बहुतेक धरत नाही, त्याची वाट पाहू नका.

त्या दिवशी वाळवण लवकर आवरा आणि संध्याकाळी गच्चीवर एक खुर्ची न्या. सुनेला बोलवायचं की एकटीनं बसायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. फोटो काढायचा असेल तर काढा, ग्रुपवर टाकायलाच पाहिजे असं नाही. आणि वर जाण्याआधी मोटारीचं बटण तेवढं पाहून जा.